एका दिवसाची वारी : पाहुणा की यजमान?

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातील दोन मुक्काम आटोपून सासवडच्या वाटेला लागते, त्या पहाटे वारकऱ्यांच्या बरोबरीने आणखी एक समाज रस्त्यावर उतरलेला दिसतो. पायांत नवे बूट, पाठीवर छोटी पिशवी, डोक्यावर त्याच सकाळी घेतलेली पांढरी टोपी आणि सायंकाळी सासवडहून घरी परतण्यासाठी आधीच ठरवून ठेवलेली गाडी. संगणक क्षेत्रातील तरुण, बँकांतील कर्मचारी, महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त अधिकारी अशी नाना थरांतील ही मंडळी एक दिवस, एक टप्पा चालतात. अलीकडे त्यांना वाट दाखवणारेही पुढे आले आहेत. नावनोंदणी करायची, ठरलेले शुल्क भरायचे. मग सोबतीला माहिती सांगणारा मार्गदर्शक, न्याहारी, जेवण आणि परतीचा प्रवास या सर्वांची सोय होते.

या एकदिवसीय वाटचालीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. जुनी जाणती मंडळी 'हवशे, नवशे, गवशे' असे म्हणून तिची वासलात लावतात. दुसरीकडे, वाढत्या गर्दीचे आकडे पाहून 'शहरी समाज परंपरेकडे वळला' अशा समाधानात रमणारेही पुष्कळ आहेत. ही दोन्ही मते मुळाशी जात नाहीत. एक दिवस चालणे थोर की थिल्लर, हे चाललेल्या अंतरावर ठरत नाही. चालणारा त्या वाटेवर कोणत्या नात्याने उभा राहतो, यावर ते ठरते.

वाटेचा वारसा

पुणे ते सासवड हा पालखीच्या प्रवासातील सर्वांत मोठ्या टप्प्यांपैकी एक, सुमारे तीस किलोमीटरचा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवलेली माउलींची पालखी बहुधा एकादशीच्या दिवशी पुणे सोडते. म्हणजे सर्वांत लांबची मजल वारकरी उपवासाच्या पोटी चालतो. भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरातून निघालेला हा सोहळा हडपसरला येतो. तेथे तुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे वळते आणि माउलींची पालखी सासवडची वाट धरते. वडकी नाल्यावर दुपारचा विसावा होतो आणि मग समोर दिवे घाट उभा ठाकतो. घाटाच्या पायथ्याशी मस्तानी तलाव, वर चार-पाच किलोमीटरचा वळणावळणाचा चढ. रथाच्या नेहमीच्या बैलांना येथे जादा बैलजोड्यांची साथ द्यावी लागते आणि आपल्या जोडीला तो मान मिळावा, अशी आसपासच्या शेतकऱ्यांची मोठी आस असते. घाट चढून सोहळा सासवडला पोहोचतो, ते संत सोपानकाकांच्या समाधीचे गाव. थोरला भाऊ धाकट्याच्या गावी मुक्कामाला येतो आणि सोपानकाकांची पालखीही तेथूनच पंढरीकडे निघते.

या सोहळ्याला जी शिस्त दिसते तिच्यामागे कोणाचे तरी कष्ट आहेत. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला आजचे स्वरूप दिले. सरदारकी भोगलेल्या या पुरुषाने भक्तीच्या सोहळ्याला लष्करी रेखीवपणा आणला. दिंड्यांचे क्रमांक, रथापुढच्या सत्तावीस दिंड्या, रथामागच्या दिंड्या, मुक्कामाच्या जागा, निघण्याच्या वेळा हे सारे त्या व्यवस्थेचे अंग. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही सोहळ्याच्या अग्रभागी चालतात.

या शिस्तीचे सर्वांत हृद्य दर्शन घडते ते मुक्कामाच्या ठिकाणी होणाऱ्या समाजआरतीच्या वेळी. दिंड्या वर्तुळात उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो आणि चोपदार हातातील चोप उंच धरतो. क्षणात हजारोंचा समुदाय निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते आणि त्यानंतर आरती. पोलीस, न्यायालय, लेखी नियम यांपैकी काहीही आड न येता एवढा मोठा समाज आपले तंटे मिटवतो आणि सापडलेली वस्तू मालकाला परत करतो, ही गोष्ट कोणत्याही समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे.

दैवदुर्विलास असा की, एक दिवस चालणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला नेमके हेच दृश्य येत नाही. समाजआरती होते तोवर त्यांची गाडी पुण्याच्या वाटेला लागलेली असते. घाटातील छायाचित्र मिळाले की त्यांची वारी संपते.

वेशीपर्यंत पोहोचवणारे

म्हणून एक दिवस चालूच नये काय? असे म्हणणे परंपरेलाच धरून होणार नाही. एका टप्प्यापुरते चालणे ही आजच्या शहरांनी काढलेली नवी टूम नाही. पालखी ज्या गावात येते, तेथील लोक वेशीवर सामोरे जातात. मुक्काम होतो, भाकरी-पिठल्याची पंगत होते, पहाटे पालखी निघते तेव्हा गाव तिला दुसऱ्या वेशीपर्यंत पोहोचवायला जाते. कोणी कोसभर चालतो, कोणी पुढच्या गावापर्यंत. शेतीच्या कामामुळे, म्हाताऱ्या माणसांमुळे, तान्ह्या लेकरांमुळे ज्यांना पंढरपूरपर्यंत जाता येत नाही, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशीच आपली वारी केली. पुण्यातही हडपसरपर्यंत किंवा सासवडपर्यंत पालखीबरोबर जाण्याचा नेम पाळणारी घराणी आहेत.

परंतु या जुन्या 'एका टप्प्याच्या' वारकऱ्यात आणि आजच्या नोंदणी केलेल्या पदयात्रीत एक मूलभूत भेद आहे. जुना माणूस यजमान म्हणून चालत होता. आपल्या दारी आलेल्या पाहुण्याला तो वाटेला लावत होता. त्याने आदल्या रात्री कोणाचे तरी पाय चेपलेले असत, कोणाला तरी अंगणात पथारी दिलेली असे. पुणे शहर त्या दोन दिवसांत आजही हेच करते. चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या चपला शिवून देतात, नाभिक बांधव दाढी करून देतात, डॉक्टर औषधे देतात आणि मोबदला घेत नाहीत. हाच पुणेकर दुसऱ्या दिवशी पदयात्री झाला की मात्र आपले यजमानपण घरी ठेवून निघतो. वाटेवर वाटली जाणारी केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या तो सहज घेतो. हे अन्नदान अठरा-वीस दिवस चालून जाणाऱ्या, उघड्यावर झोपणाऱ्या, गाठीला मोजके पैसे बांधून निघालेल्या शेतकऱ्यासाठी आहे, याचे भान त्याला राहत नाही. छायाचित्रासाठी तो दिंडीच्या ओळीत शिरतो, विणेकऱ्याच्या पुढे उभा राहतो आणि ज्याच्या तोंडी अभंग चालू आहे त्याला 'जरा इकडे पाहा' असे सांगतो.

यात दुष्टावा नाही, अज्ञान आहे. अज्ञान दूर करणे हे ज्यांचे काम, ते मार्गदर्शक काय करतात, हा म्हणूनच खरा प्रश्न आहे.

मार्गदर्शक कोण?

शुल्क घेणे हा काही अपराध नव्हे. जेवण, वाहन, औषधे यांना खर्च येतोच. दिंडीतही भिशी असते आणि वारकरी तिच्यात आपला वाटा घालतो. पण भिशीत पैसे घालणारा दिंडीचा घटक होतो, तर शुल्क भरणारा ग्राहक होतो. ग्राहकाला समाधान हवे असते; वारकऱ्याला नेम पाळायचा असतो. मार्गदर्शकाने या दोहोंतील अंतर ओलांडून दिले नाही, तर त्याने माणसे फक्त सासवडला नेली, वारीत नेली नाहीत.

या बाबतीत जगातील अन्य यात्रामार्गांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. स्पेनमधील सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेत प्रमाणपत्र हवे असेल, तर किमान शंभर किलोमीटर पायी चालावे लागते. तेथेही सहल आणि यात्रा यांतील सीमारेषा आखण्याची गरज भासली. जपानमधील शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरची बौद्ध परिक्रमा आहे. ती एका दमात न करता तुकड्या-तुकड्यांनी, अनेक वर्षांत पूर्ण करण्याची रीत तेथे मान्य आहे. तेथील मार्गदर्शकाला 'सेंदात्सु' म्हणतात. ही पदवी मिळते ती ज्याने स्वतः ती परिक्रमा अनेकदा केली आहे त्यालाच. वाट दाखवण्याचा अधिकार वाट चालल्याने येतो, हे तत्त्व तेथे जपले गेले आहे.

महाराष्ट्राला हे तत्त्व बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. गावोगावच्या दिंड्यांत वीस-तीस वाऱ्या केलेले विणेकरी, टाळकरी आहेत. एकदिवसीय वारी घडवू इच्छिणाऱ्यांनी अशा एखाद्या दिंडीशी नाते जोडावे, तिच्या प्रमुखांची अनुमती घ्यावी आणि वाटचालीची सूत्रे त्या जाणत्या वारकऱ्याच्या हाती द्यावीत. निघण्यापूर्वीच्या रविवारी हरिपाठाचे दोन वर्ग घ्यावेत. दिंडीत कोठे चालायचे, वीणा कोणाच्या हाती असते, रथाच्या वाटेत का येऊ नये, हे समजावून सांगावे. शिधा आणि पाणी आपले आपण बरोबर न्यावे आणि शक्य तर दहा वारकऱ्यांना पुरेल इतके अधिक. भ्रमणध्वनी पिशवीत ठेवावा. आणि सासवडला पोहोचल्यावर समाजआरती होईपर्यंत थांबावे. घरी जायला रात्र झाली तर होऊ द्यावी.

यजमानाचे आणखी एक काम असते. पाहुणे गेल्यावर अंगण झाडण्याचे. लाखोंचा समुदाय एका रात्रीपुरता लहान गावात उतरतो, तेव्हा त्या गावावर पडणारा भार शहरात बसून कळत नाही. २०१५ पासून 'निर्मल वारी' या उपक्रमातून मुक्कामाच्या गावी तात्पुरती शौचालये उभी राहू लागली, त्यांच्या वापरासाठी स्वयंसेवक वारकऱ्यांना विनवू लागले आणि पालखी गेल्यानंतर गावात राहणारी दुर्गंधी, रोगराई यांना आळा बसू लागला. ज्याला एकच दिवस मोकळा आहे, त्याने तो सासवडच्या अशा कामात घालवला तर त्याची वारी उणी ठरेल काय? उलट, चालणाऱ्याच्या पावलाइतकेच झाडणाऱ्याच्या हाताला पुण्य आहे, हे गाडगेबाबांच्या महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

समरसतेची कसोटी

वारीत सारे 'माउली' होतात, लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, हे दृश्य मनोहर आहे आणि खरेही आहे. पण त्यावर समाधान मानून थांबणे आत्मवंचना ठरेल. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीतील माणसे जेवताना जातीनुसार वेगळी बसतात, याचे शल्य त्यांनी आपल्या 'वाटचाल' या लेखात मोकळेपणाने नोंदवले. पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ज्या वाटेवर समतेचा घोष शतकानुशतके झाला, त्या वाटेच्या शेवटी हे घडले, हे विसरता येणार नाही. म्हणून शहरातून एक दिवसासाठी येणाऱ्या सुशिक्षितांनी आपला वेगळा तंबू, वेगळी पंगत, वेगळी गाडी असा नवा भेद वारीत आणू नये. त्यांनी दिंडीच्या पंगतीला बसावे ते वाढपी म्हणून आणि वाढून झाल्यावर सर्वांच्या मांडीला मांडी लावून.

नेम धरला तरच वारी

'वारी' या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे आहे. एकदा केली ती यात्रा. नेमाने केली ती वारी. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी शब्द देतो तो एका वर्षाचा नसतो. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी सोहळा थांबला, पादुका एसटीच्या गाडीतून पंढरीला न्याव्या लागल्या, तेव्हा घरी बसलेल्या वारकऱ्याला जी हुरहूर लागली ती नेम मोडल्याची होती. एक दिवस चालणाऱ्यालाही पुढच्या ज्येष्ठात ती हुरहूर लागली, तर त्याची वाटचाल सार्थ झाली असे समजावे.

त्यासाठी एक साधा संकल्प पुरेसा आहे. यंदा पुणे ते सासवड, पुढील वर्षी सासवड ते जेजुरी, मग वाल्हे, मग नीरेकाठी पादुकांचे स्नान पाहून लोणंद, मग चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण. दरवर्षी एक दिवस, एक टप्पा. पुणे मागे पडत जाईल तसे यजमान गावे लहान होत जातील, त्यांचा भार वाढत जाईल आणि शहरातून आलेल्या दोन हातांचे मोल तेथे अधिक ठरेल. सुमारे बारा वर्षांत, नोकरी-व्यवसाय सांभाळून, हा माणूस वाखरीच्या तळावर पोहोचेल. तोवर त्याचे केस पांढरे झाले असतील, पहिल्या वर्षीची टोपी विरली असेल आणि वाटेवरची दहा-पंधरा गावे त्याला नावाने ओळखत असतील. मग त्याला सोबत येणाऱ्या नवख्या माणसांना वाट दाखवण्याचा अधिकारही आपोआप प्राप्त होईल.

पालखी मार्गांच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले आणि वारकऱ्यांसाठी दुतर्फा स्वतंत्र पदपथाची योजनाही त्यात आहे. शासन रस्ता देईल, पदपथ देईल. त्या पदपथावरून सहली जायच्या की वारी जायची, याचा निर्णय शासनाच्या हाती नाही. तो समाजालाच करावा लागेल.