पोत्याचा ॲप्रन आणि बियाण्याची पिशवी



या सदरात आजवर हुमणी, काणी, शेणखत आणि पिकविमा यांवर लिहिले. शिवणकामावर लिहिण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते. पण बार्शी तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे, आणि त्यातील एका प्रश्नाचे उत्तर शिंप्यापेक्षा शेतीखात्याच्या माणसानेच दिले पाहिजे.

त्या लिहितात, पुण्याच्या नणंदेने मोबाईलवर लहान मुलांच्या ॲप्रनचा नमुना पाठवला. जुन्या अमेरिकन धर्तीचा, फुकट उतरवून घेता येणारा. तालुक्याच्या गावी जाऊन तो कागदावर छापून आणला, कापड बेतले आणि शिवले. पण पाच वर्षांच्या मुलीला तो तोकडा झाला आणि काखेत घट्ट बसला. आता दुसरा शिवायचा आहे. नमुन्यासोबत लिहिले आहे की पूर्वी अमेरिकेत शेतकऱ्यांच्या बायका पोत्यांच्या कापडाचे असे ॲप्रन शिवत. "आमच्या सासूबाईंच्या पेटीत ज्वारीच्या बियाण्याच्या पाच-सहा कापडी पिशव्या धुऊन ठेवलेल्या आहेत. कापड दणकट आहे. त्यांचा शिवू का?"

ताई, शिवू नका. पेटीतून त्या पिशव्या आजच बाहेर काढा. का ते सांगतो.

आधी त्या अमेरिकन ॲप्रनविषयी. आपल्याकडे ॲप्रन म्हटले की डॉक्टरांचा पांढरा कोट डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. स्वयंपाक करताना, कोंबड्यांना दाणे टाकताना अंगातले कपडे मळू नयेत म्हणून पुढच्या बाजूने बांधायचे हे कापड. १९३० च्या सुमारास तिकडे मोठी मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, घरात पैसा उरेना. पीठ, साखर आणि कोंबडीखाद्य तेव्हा सुती पोत्यांतून येई. शंभर पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४५ किलोंच्या पोत्याची शिवण उसवली की एक वाराहून थोडे अधिक कापड हाती लागे. गिरणीवाल्यांनी हे हेरले आणि पोती फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या छापील कापडाची काढली. मग नवरा खाद्य आणायला निघाला की बायको बजावी, मागच्या वेळच्याच छापाचे पोते आणा, नाहीतर झगा पुरा होणार नाही. लहान मुलीचा ॲप्रन एका पोत्यात आरामात बसे. कडेला वेगळ्या रंगाची तिरकी पट्टी आणि पुढे एक मोठा खिसा, असे त्याचे रूप. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी पिशव्या स्वस्त झाल्या आणि ती कापडी पोती मागे पडली.

हे शिकवायला तिकडच्या शेती विस्तार खात्याच्या बाया गावोगाव जात. १९१४ च्या कायद्याने ते खाते उभे राहिले, तेव्हा पिकांइतकेच घरकामाचे शिक्षणही त्यात धरले होते. आपल्याकडच्या कृषी विज्ञान केंद्रांत गृहविज्ञानाची शाखा असते ती याच विचाराची. तेव्हा मी शिवणावर लिहितो म्हणून हसू नका.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. बायका ॲप्रनला वापरत ती पोती पिठाची, साखरेची आणि खाद्याची. माणसाने नाहीतर जनावराने खाण्याच्या वस्तूची. आपली बियाण्याची पिशवी तशी नाही. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, पुष्कळदा कीटकनाशकही. म्हणून तर प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या लेबलवर छापतात की हे खाण्यासाठी, जनावरांसाठी वा तेलासाठी वापरू नये. ते लेबल आपण वाचतो, फाडतो आणि पिशवी घडी घालून ठेवतो.

हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही चारचौघांत.

१९९६ च्या खरिपातील गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. एका गावात महिलांची बैठक होती. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन पुढे बसली होती, आणि मुलाच्या अंगात बियाण्याच्या पिशवीचे झबले होते. छातीवर अर्धवट पुसट झालेली अक्षरे दिसत होती. मी त्या झबल्याकडे बोट दाखवून म्हणालो, "काटकसर असावी तर अशी. बाकीच्यांनीही हे घ्यावे." बाया हसल्या, ती बाई लाजली. मला वाटले, भाषण चांगले रंगले.

बैठक संपल्यावर सोबत आलेल्या गृहविज्ञानाच्या मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, त्या पिशवीतल्या बियाण्याला काय चोळले होते?"

मी गप्प झालो. आठवड्यापूर्वी त्याच गावात, त्याच पारावर मी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेतले होते. किलोला तीन ग्रॅम थायरम. हाताला लागू देऊ नका, हातमोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, असे चार वेळा बजावले होते. मोठ्या माणसांच्या राठ हातांना जे लागू नये म्हणालो, त्याच्याच पिशवीचे कापड तान्ह्याच्या गळ्याशी पाहून मी शाबासकी दिली होती.

बाळाच्या मानेवर आणि छातीवर लाल पुरळ होते. आई म्हणाली, घामोळे आहे. झबले बदलल्यावर काही दिवसांनी ते गेले. ते झबल्यानेच आले होते असे मी म्हणणार नाही, दिवस उकाड्याचे होते. पण थायरमने कातडीला खाज आणि पुरळ येऊ शकते हे पक्के आहे. दुसऱ्या दिवशी सायकल काढून मी बैठकीला आलेल्या प्रत्येक घरी गेलो आणि काल सांगितले ते चूक होते, असे सांगून आलो. दोन घरांत तशाच पिशव्यांची बाळाची दुपटी निघाली.

"पण धुतल्या आहेत ना," असे तुम्ही म्हणाल. थायरम पाण्यात फारच थोडे विरघळते. भुकटी धाग्यांच्या विणीत जाऊन बसते. साबणाने अक्षरे निघाली म्हणजे औषध निघाले असे नव्हे. शिवाय कोणत्या पिशवीतल्या बियाण्याला काय लावले होते हे इतक्या वर्षांनी कोण सांगणार? म्हणून त्यांचे पायपुसणे नको, भाकरीचे फडके तर मुळीच नको, आणि चुलीतही जाळू नका. फाडून, कापून, घर आणि विहीर यांपासून दूर खोल पुरा. खताची पोती आणि फवारणीला वापरलेला जुना सदरा यांचेही कापड मुलांच्या अंगाला लावू नये.

मग कापड कोणते घ्यावे? सासूबाईंची पेटी उघडलीच आहे, तर तिच्यात सुती लुगडे आहे का पाहा. आमच्या घरी नातीचा ॲप्रन सौ.ने आईच्या जुन्या लुगड्याचाच शिवला. वापरून मऊ झालेले कापड दुहेरी घेतले की पुरते. नवे घ्यायचे तर मांजरपाट घ्या, पण रात्रभर भिजवून, वाळवून मग बेता, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. टेरिलीन, नायलॉन चकचकीत दिसते, पण चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते.

आता तोकडेपणाविषयी. तुमच्या हाताचा दोष नाही, कागदाचा आहे. अमेरिकेतला कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा, म्हणजे २१.६ बाय २७.९ सेंटिमीटर. आपला 'ए-फोर' २१ बाय २९.७. रुंदीला तो कमी पडतो, म्हणून छपाईयंत्र सगळे चित्रच आक्रसून बसवते. दुकानदाराला सांगा, 'फिट टू पेज' नको, 'ॲक्च्युअल साइज' किंवा शंभर टक्के ठेवा. अशा नमुन्यांवर बहुधा एक चाचणीचा चौकोन असतो, एक किंवा दोन इंचांचा. आधी तेवढेच पान छापा आणि पट्टी लावून मोजा. शंभरात पाच कमी भरले तर ५० सेंटिमीटरचा ॲप्रन साडेसत्तेचाळीसचा होतो, आणि काखेचा मुंडाही त्याच प्रमाणात आवळतो. नमुन्यात शिलाईची माया धरली आहे की वेगळी सोडायची आहे, तेही पाहून घ्या.

खरे सांगायचे तर एवढ्या खटाटोपाचीही गरज नाही. पाच वर्षांच्या मुलीला ५४ सेंटिमीटर लांब आणि ५० रुंद तुकडा पुरतो, माया धरून. तो उभा दुमडा. वरच्या टोकाला दुमडीपासून १० सेंटिमीटरवर खूण करा, मोकळ्या कडेवर वरून १६ सेंटिमीटर खाली दुसरी खूण करा, आणि दोन्ही खुणा आत वळणाऱ्या गोलाईने जोडून कापा. तोच मुंडा. या गोलाईला लुगड्याचा काठ लावू नका, तो सरळ दोऱ्याचा, वळत नाही, चुण्या पडतात. कापडाची तिरकी पट्टी कापून ती लावा. काठ खाली घेरावर आणि खिशावर लावा, तेथे तो शोभतो. आमच्या सौ.ने पहिल्यांदा हट्टाने मुंड्यालाच काठ लावला आणि रात्री उसवला.

राहता राहिले बंद. नमुन्यात गळ्यात अडकवायची पट्टी आणि मागे बांधायच्या लांब नाड्या असतील. तेवढे बदला. आपल्या अंगणात कडबा कुट्टी असते, मळणीयंत्र असते, मोटारीचा पट्टा फिरत असतो. लोंबती नाडी त्यात गेली की मूल ओढले जाते. दोन रुंद पट्ट्या खांद्यांवरून पाठीवर फुलीसारख्या घेऊन विरुद्ध बाजूंना कमरेशी लावा. साधारण ६० सेंटिमीटरच्या कापा आणि मुलीच्या अंगावर मापून कमी करा. एका टोकाला टीप न मारता टिचबटण लावा, म्हणजे पट्टी कोठे अडकली तरी ओढल्याबरोबर सुटेल. आणि यंत्र चालू असेल त्या दिवशी ॲप्रन खुंटीलाच राहू द्या.

खिसा मात्र मोठा ठेवा. आमची नात त्यात शेंगा, खडू आणि एकदा कोंबडीचे अंडे घेऊन हिंडली. अंड्याचे काय झाले ते सांगत नाही.

पुढील अंकी तुरीवरील घाटे अळीविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देईन.