निवृत्त फायरमन आगीत गेला, तर तो कोणाच्या यादीत?

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात मॉक ड्रिल म्हणजे चहाची जास्तीची सुट्टी. भोंगा वाजतो, लोक कानातले इअरफोनही न काढता जिन्याने रमतगमत उतरतात, आणि खाली पार्किंगमध्ये साठी ओलांडलेला एक माणूस घड्याळ दाखवत ओरडत असतो, "अकरा मिनिटं लागली! खऱ्या आगीत अर्धे वरच राहिला असता!" हे आमच्या इमारतीचे फायर ऑफिसर. उभं आयुष्य महापालिकेच्या अग्निशमन दलात काढलं, तिथून निवृत्त झाले आणि आता एका सिक्युरिटी एजन्सीच्या पगारावर आहेत. सगळे त्यांना साहेब म्हणतात, मी काका म्हणतो.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर यूपीएसच्या खोलीत बॅटऱ्यांनी पेट घेतला. आम्ही खाली आलो, काका वर गेले. दलाचा बंब येईपर्यंत ते वरच होते. खाली आले तेव्हा ओला रुमाल नाकाला, डोळे लाल आणि खोकला थांबत नव्हता. एजन्सीचा सुपरवायझर त्यांच्यावरच चिडला, बंबाची वाट बघायची होती म्हणून. मी नंतर विचारलं, काका, वर का गेलात? म्हणाले, "वर कोणी राहिलंय का बघायला." आणि तुम्हाला काही झालं असतं तर? ते हसले. "एजन्सीला दुसरा माणूस बघावा लागला असता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, त्याला माझ्या कामाचंही कारण आहे. मी पगार आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअर लिहितो. अशा प्रत्येक प्रणालीत 'स्टेटस' नावाचा एक रकाना असतो. माणूस निवृत्त झाला की त्यातलं एक अक्षर बदलतं आणि दुसऱ्या दिवसापासून तो जवळजवळ सगळ्या अहवालांतून गळतो. ही अट मी स्वतः कितीदा लिहिली आहे, मोजलेलं नाही. काका त्या दिवशी वर गेले असते आणि परत आले नसते, तर कागदावर एका एजन्सीचा एक कंत्राटी कर्मचारी कामावर मरण पावला, एवढीच नोंद झाली असती. भरपाईच्या कायद्याखाली घरच्यांना काहीतरी मिळालं असतं. पण दलाच्या यादीत त्यांचं नाव? अनुकंपा तत्त्वावर मुलीला नोकरी? ती सेवेत असताना गेलेल्यांच्या घरच्यांसाठी असते.

हा प्रश्न जगात सर्वात मोठ्या प्रमाणात, आणि सर्वात जास्त कागदपत्रांसह, न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. म्हणून तिथलं थोडं सविस्तर सांगतो.

११ सप्टेंबर २००१ ला सकाळी ८:४६ ला पहिलं विमान वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळलं. न्यूयॉर्क अग्निशमन दलाची पाळी सकाळी नऊला बदलते. म्हणजे त्या क्षणी बऱ्याच केंद्रांत दोन्ही पाळ्यांची माणसं हजर होती. ज्यांची ड्यूटी संपली होती तेही बंबावर चढले. काही घरून आले. त्या दिवशी दलाची ३४३ माणसं गेली. त्यांत घरी जायला मोकळे झालेलेही आहेत, आणि मायकल जज नावाचे दलाचे धर्मगुरूही आहेत, ज्यांच्या हातात पाण्याचा पाईप नव्हता, प्रार्थना होती. या सगळ्यांना ३४३ मध्ये मोजलं, आणि ते योग्यच केलं.

पण त्या इमारतींमध्ये आमच्या काकांसारखी माणसंही होती. न्यूयॉर्क दलातून निवृत्त होऊन तिथेच आगसुरक्षेच्या नोकरीला लागलेले जुने फायरमन. १९९३ मध्ये त्याच इमारतीच्या तळघरात बॉम्ब फुटला, सहा माणसं गेली आणि हजारो लोक धुराने भरलेल्या जिन्यांतून तासन् तास उतरत राहिले. त्यानंतर तिथे जिन्यांत अंधारात चमकणारे पट्टे, नियमित ड्रिल, मजल्यागणिक वॉर्डन अशी व्यवस्था आली, आणि ती चालवायला अनुभवी माणसं लागली. २००१ च्या सकाळी ही माणसं लोकांना बाहेर काढत राहिली आणि इमारतींबरोबर गेली. पाळी संपलेला माणूस दलाचा, हे सगळ्यांना पटतं. मग नोकरी संपलेला? रेघ मारायची तर नेमकी कुठे?

ही रेघ एका माणसाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. ग्लेन विनक, वय ४०, पेशाने वकील. लाँग आयलंडवरच्या जेरिको गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात त्याने बरीच वर्षं काम केलं होतं. पुढे मॅनहॅटनला राहायला गेला, वकिलीत भागीदार झाला, तसा दलातला नियमित सहभाग सुटला. त्याचं ऑफिस टॉवरपासून चालत काही मिनिटांवर होतं. त्या सकाळी त्याने आधी ऑफिसातल्या लोकांना बाहेर काढलं, मग प्रथमोपचाराचं सामान घेऊन साउथ टॉवरकडे धावला. ९:५९ ला टॉवर कोसळला. २००२ च्या मार्चमध्ये त्याचे अवशेष सापडले.

अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलीस आणि फायरमनच्या कुटुंबाला केंद्र सरकार मदत देतं. त्यासाठी १९७६ चा कायदा आहे आणि २००१ नंतर ही रक्कम अडीच लाख डॉलर झाली. कायदा तसा उदार आहे, पगारी असो वा बिनपगारी, स्वयंसेवक त्यात येतात. अट एकच, माणूस 'अधिकृत नात्याने' सेवा देत असला पाहिजे. विनकच्या घरच्यांचा अर्ज न्याय खात्याने आधी नाकारला. तो त्या दिवशी दलाचा सक्रिय सदस्य नव्हता, असं कारण. कुटुंबाने काही वर्षं झगडा केला, मग खात्याने निर्णय फिरवला. पैशाची त्या घराला फारशी गरज नसावी. तो कशासाठी गेला हे सरकारी कागदावर यावं, एवढ्यासाठी ते लढले.

आणि आता सलमान हमदानी. हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. मला वाटतं सगळ्यांनी ऐकायला हवं. तो फायरमन नव्हता, पण या प्रश्नाची सगळ्यात कडू बाजू त्याच्या वाट्याला आली. कराचीत जन्मलेला, तान्हा असताना अमेरिकेत आलेला, वय २३. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, आपत्कालीन वैद्यकीय सेवेचं प्रशिक्षण घेतलेला, न्यूयॉर्क पोलिसांचा कॅडेट राहिलेला. कामावर जाताना धूर दिसला असावा आणि तो तिकडे वळला असावा. घरी परतला नाही. घरचे त्याला शोधत होते तेव्हा पोलीस त्याची चौकशी करत होते. एका वर्तमानपत्राने मथळ्यातच विचारलं की हा मुलगा हरवला आहे की लपला आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेने पॅट्रियट कायदा केला. ज्या कायद्याने पुढे कित्येक मुसलमानांचं जगणं अवघड केलं, त्याच कायद्यात सलमानचं नाव घेऊन त्याच्या शौर्याचा गौरव आहे. २००२ च्या मार्चमध्ये अवशेषांची ओळख पटली. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मशिदीतल्या जनाज्याला महापौर आणि पोलीस आयुक्त हजर होते.

एवढं सगळं झालं. पण २०११ मध्ये स्मारक उघडलं तेव्हा बचावाला धावलेल्यांच्या विभागात त्याचं नाव नव्हतं. दक्षिण जलकुंडाच्या एस-६६ क्रमांकाच्या पट्टीवर, इमारतीशी फारसा संबंध नसलेल्यांच्या नावांत ते आहे. कारण पोलीस खात्याच्या अधिकृत मृतांच्या यादीत तो नव्हता आणि स्मारकाने खात्याची यादी प्रमाण मानली. त्याची आई तलत हमदानी वर्षानुवर्षं हे नाव योग्य जागी यावं म्हणून बोलत राहिली. २०१४ मध्ये क्वीन्समधल्या त्यांच्या भागातल्या एका रस्त्याला सलमानचं नाव मिळालं. पट्टी बदलली नाही.

माझ्या टीममधल्या एका मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पण यादी तर कुठेतरी थांबवावीच लागेल ना, उद्या कोणीही दावा करेल. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आगीच्या ठिकाणी आत किती माणसं आहेत याचा हिशेब हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असते. २००१ ला अनेक जण नोंद न करता थेट आत गेले आणि आत नेमके कोण हे अधिकाऱ्यांना कळेना. आपल्या मर्जीने आत घुसणारा माणूस इतरांचा जीव धोक्यात घालू शकतो. काकाही हेच सांगतात, आणि स्वतः पाळत नाहीत!

पण आत कोणाला सोडायचं आणि गेल्यावर कोणाला मोजायचं, हे दोन वेगळे तक्ते आहेत. पहिला कडकच असू द्या. दुसऱ्यात तोच स्टेटसचा रकाना वापरला की शिक्षा मेलेल्याला होत नाही, मागे उरलेल्या बाईला होते. आणि इमारतीचा फायर ऑफिसर तर आगंतुकही नाही. ती त्याची जागा आहे, त्याच्या जुन्या प्रशिक्षणामुळेच ती त्याला मिळाली आहे.

अट नीट लिहिता येते, याचा पुरावाही न्यूयॉर्कचाच आहे. टॉवरच्या ढिगाऱ्यावर काम करणाऱ्यांचे पुढे फुप्फुसांचे आजार, कर्करोग सुरू झाले. त्यांच्यासाठी झाड्रोगा कायदा आला, २ जानेवारी २०११ ला ओबामांनी त्यावर सही केली. त्यात न्यूयॉर्क अग्निशमन दलाच्या माणसांची व्याख्या करताना दोन शब्द घातले आहेत: सेवेत असलेले 'किंवा निवृत्त'. बचावकार्यात किमान एक दिवस भाग घेतलेला असला म्हणजे झालं. कारण निवृत्त बाप तिथे येऊन आपल्या फायरमन मुलाला ढिगाऱ्यात शोधत होते, हे सगळ्या शहराने पाहिलं होतं. सप्टेंबर २०२३ पर्यंत या आजारांनी गेलेल्या दलाच्या माणसांचा आकडाही ३४३ वर पोहोचला. दलाच्या मुख्यालयातल्या भिंतीवर ही नावं चढतात, मरताना माणूस नोकरीत होता की नव्हता हे न बघता.

'किंवा निवृत्त'. प्रोग्रॅमच्या भाषेत ही एका ओळीची दुरुस्ती आहे.

आपल्याकडे या. १४ एप्रिल म्हटलं की आपल्याला बाबासाहेब आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण त्याच तारखेला १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात भरली होती. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले. देशभर अग्निशमन सप्ताह त्या दिवसापासून सुरू होतो. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासात मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडीला दरड कोसळली तेव्हा मदतीसाठी डोंगर चढताना नवी मुंबई दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराने गाठलं.

अशा प्रत्येक वेळी 'शहीद दर्जा द्या' अशी मागणी होते. गंमत अशी की केंद्र सरकारने माहिती आयोगापुढे सांगून टाकलं आहे की सैन्य किंवा पोलिसांसाठीसुद्धा शहीद ही अधिकृत संज्ञाच नाही. आपल्या घरात हा शब्द जुना आहे. आगीत, पाण्यात, पडलेल्या भिंतीखाली मरणाऱ्याला हदीसमध्ये तो दर्जा आहे, आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. तेव्हा सरकारकडे तो शब्द मागण्यात मला रस नाही. मला व्याख्या हवी. माजी अग्निशमन कर्मचारी बचाव करताना गेला, तर त्याच्या घरच्यांना सेवेतल्या जवानाच्या घरच्यांइतकीच मदत, आणि १४ एप्रिलला वाचल्या जाणाऱ्या नावांत त्याचं नाव. घटनास्थळीच्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी लेखी नोंद करावी, म्हणजे दोन वर्षांनी विधवेला साक्षीदार शोधत फिरावं लागणार नाही. तुमच्या-माझ्या शहरांतल्या मॉलमध्ये, हॉस्पिटलांत, उंच इमारतींत अशी किती माणसं काम करतात, जरा आजूबाजूला बघा.

मी माझ्या महापालिकेला माहिती अधिकारात अर्ज केला आहे. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. प्रश्न तीनच आहेत: बचावकार्यात मृत्यू झाल्यास मदतीचा नियम कोणता, त्यात निवृत्त आणि स्वयंसेवक येतात का, आणि १४ एप्रिलच्या नावांची यादी कोण ठरवतं. तुम्हीही तुमच्या नगरपालिकेला हेच विचारा. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, मिरज, कुठलीही चालेल. उत्तरं एकत्र आली तर त्यातून राज्य सरकारकडे जायला मसुदा तयार होईल. तो लिहायला मी बसतो.

अर्जाचा कच्चा मसुदा काकांना दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, 'निवृत्त कर्मचारी' खोडून 'माजी जवान' लिहिलं, आणि पंप रूमकडे निघून गेले. महिन्याची तपासणी होती.