टिकाव-फावडं ते पोकलेन

नागपूरहून अमरावतीकडे जाताना कारंजा (घाडगे) मागे पडलं की तळेगाव येतं. नुसतं तळेगाव म्हणून भागत नाही. वर्धा नदीच्या पलीकडे तळेगाव दशासर आहे, म्हणून आमच्या गावाच्या नावामागे श्यामजी पंत कायमचे येऊन बसलेत. इथून एक रस्ता आर्वीला फुटतो, एक आष्टीला. कुठल्याही रस्त्याने थोडं आत जा आणि नाल्याच्या कडेकडेने चालायला लागा. वरच्या अंगाला हाताने रचलेला, आता निम्मा ढासळलेला दगडी बांध दिसेल. खाली आलात की यंत्राने उभा कापलेला सरळसोट नाला. कागदावर दोन्ही कामांचं नाव एकच, मृद व जलसंधारण. पण बांध भुकेने बांधलाय आणि नाला घाईने खणलाय.

धोरण म्हटलं की आपल्याला समित्या, अहवाल, तज्ज्ञ आठवतात. आमच्या शिवारातलं पर्यावरणाचं धोरण मात्र दर वेळी कुठल्यातरी संकटाने लिहिलं, आणि हातात काय घ्यायचं, फावडं की पोकलेन, हेही त्यानेच ठरवलं.

1972 चा दुष्काळ घ्या. त्याचा खरा तडाखा मराठवाड्याला आणि पश्चिम महाराष्ट्राला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मे 1973 मध्ये राज्यभर पन्नासेक लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडणं हे शब्द तेव्हाचे. सरकारपुढचा प्रश्न पाणी मुरवायचं कसं हा नव्हताच. सकाळी मस्टरवर उभ्या राहिलेल्या एवढ्या हातांना काय काम द्यायचं, हा होता. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते ही त्याची उत्तरं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात विसापूरला केलेला रोजगार हमीचा छोटा प्रयोग हाताशी होता, तो राज्यभर पसरला. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैशासाठी व्यवसाय कर बसला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रुपयाने कुठल्यातरी खेड्यातला दगड उचलला जावा, अशी ती रचना. खर्चाचा किमान साठ टक्के वाटा मजुरीवर गेला पाहिजे, अशी अट होती, म्हणून यंत्राला कामावर फारशी जागाच उरली नाही.

त्या कामांचे दोष सांगायला बसलो तर सदर पुरणार नाही. पाण्याचा अभ्यास करून नव्हे, मजूर जिथे जमले तिथे तलाव धरले गेले. मृगाचा पाऊस पडला की मजूर पेरणीला जायचे आणि बांध अर्धवट राहायचा. तरीही आमच्या टेकड्यांवर जो काही दगड दगडावर उभा आहे, तो त्या वेळच्या भुकेने रचलेला आहे. माती वाचली ती जाता जाता.

त्याच दशकात गोबरगॅसला भाव आला, तोही शेणाच्या प्रेमाने नव्हे. 1973 मध्ये अरबांनी तेल अडवलं, भाव चढले आणि दिल्लीला अचानक गोठा आठवला. ग्रामोद्योगाची विद्या वर्ध्यात आधीपासून होती; गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पा तर त्याच्या जवळपास तीस वर्षं आधीच टिकाऊ अर्थव्यवस्थेबद्दल लिहून गेले होते. तेव्हा ते कुणाला निकडीचं वाटलं नव्हतं. पुढे घरोघरी सिलिंडर आलं आणि कितीतरी वाड्यांवर लोखंडी टाक्या गंजत पडल्या.

मग 2006. कापसाचा भाव, कर्ज आणि आत्महत्या. त्या वर्षी जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वर्धा त्यात होता. यातले 2,177 कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम, सिंचन प्रकल्पांसाठी. दुखणं कोरडवाहू कापसाच्या हिशेबाचं होतं, औषध धरणाचं मिळालं. कारण उघड आहे. अर्धवट धरणांच्या फायली कपाटात तयार होत्या. कोरडवाहू शेती कशी तारायची याची फाइल कुणी उघडलीच नव्हती. संकटाच्या दिवशी सरकारला विचार करायला सवड नसते, हाताला लागेल तो कागद पुढे होतो. त्या धरणांचं पुढे काय झालं हे सिंचन घोटाळ्याच्या बातम्यांनी आणि 2012 च्या श्वेतपत्रिकेने सांगितलंच.

त्या बदनामीतूनच पुढचं धोरण जन्माला आलं. 2014 च्या ऑक्टोबरात सरकार बदललं, वर्ष दुष्काळाचं होतं, आणि धरण हा शब्द विटला होता. धरण नसलेलं आणि पाच वर्षांत डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. त्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान आलं. दर वर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची, असं उद्दिष्ट. फावड्याने हा आकडा गाठला जात नाही, म्हणून पोकलेन आलं. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं हा पाणलोटाचा पहिला धडा. पण माथ्यावर यंत्र चढत नाही, तिथलं काम लांबून दिसतही नाही. नाला रस्त्यालगत असतो, आठवड्याभरात खोल होतो, आणि पहिल्याच पावसात भरल्यावर फोटो छान येतो.

खोलीकरणाने काही विहिरींना पाणी आलं, हे मी नाकारत नाही. ज्याच्या विहिरीला आलं त्याला माझ्या शंका ऐकवून उपयोग नाही. पण प्राध्यापक एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले ते याच बेसुमार खोदाईविरुद्ध, आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती त्यातूनच नेमली गेली. 2020 मध्ये महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल आला: 9,633 कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढवण्याचा हेतू साधला नाही. तोवर मुंबईत सरकार दुसरं होतं, त्यामुळे अहवाल हातात पडताच त्याची काठी झाली. ऑक्टोबर 2020 मध्ये चौकशीचा निर्णय झाला. जून 2022 मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरत-गुवाहाटी करून आले, सरकार पडलं आणि त्याच डिसेंबरात जलयुक्त 2.0 ला मंजुरी मिळाली. या साऱ्या काळात नाल्यात मात्र एकच गोष्ट नियमाने होत होती: दर पावसाळ्यात गाळ येऊन बसत होता. तो कोणी, कशाच्या पैशाने काढायचा, हे ना पहिल्या सरकारने पक्कं केलं, ना दुसऱ्याने. देखभाल हे संकट नव्हे, म्हणून तिचं धोरणही होत नाही.

आमच्या शेजारच्या आर्वी तालुक्यात काकडदरा नावाचं आदिवासी गाव आहे. पाणी फाउंडेशनच्या 2017 च्या वॉटर कप स्पर्धेत त्याने राज्यात पहिला नंबर काढला, पन्नास लाखांचं बक्षीस आणलं. एप्रिल-मेच्या उन्हात माणसं टेकडीवर राबली ती ना दुष्काळी मस्टरसाठी, ना कुणाच्या प्रचारासाठी. पण एका गावाची जिद्द हे राज्याचं धोरण होऊ शकत नाही, आणि त्या गावाने ते ओझं वाहावं, असं म्हणणं बरं नाही.

संकटातलं सरकार देऊ शकतं. मजुरी देतं, पॅकेज देतं, पोकलेनचं डिझेल देतं. 'थांबा' मात्र त्याला म्हणता येत नाही. थांबवणारे कायदे आपल्याकडे आहेत. 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागू आहे, त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालायची तरतूद आहे. पण उन्हाळ्यात संत्र्याची बाग वाळायला लागली की त्या कायद्याची आठवण शेतकऱ्याला कोणता तलाठी करून देईल? आणि द्यावी तरी कोणत्या तोंडाने? नदीपलीकडे वरूड-मोर्शीत पाणी किती खोल गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोअर तरीही पडतात, कारण वाळलेली बाग पुन्हा उभी करायला पाच-सहा वर्षं लागतात आणि बँकेचा हप्ता तेवढा थांबत नाही.

रोखणारी एक गोष्ट मात्र आमच्याकडे टिकली, तीही चुकून. मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात कुणीतरी काही जमिनींपुढे 'झुडपी जंगल' असं लिहून ठेवलं होतं. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, आम्ही मुंबई राज्यात आलो, मग 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. शब्द दप्तरासोबत आला. 1980 चा वनसंवर्धन कायदा आणि 12 डिसेंबर 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांनी त्या दोन शब्दांना धार दिली. वर्ध्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत हे झुडपी जंगल विकासाच्या आड येतं, अनुशेष त्यामुळेच वाढतो, असं प्रत्येक पक्षाच्या नेत्याने कधी ना कधी म्हटलं. 22 मे 2025 रोजी न्यायालयाने सांगितलं की ही जमीन जंगलच आहे. त्या 1996 च्या आदेशाआधी वाटप झालेल्यांना संरक्षण दिलं, नंतरच्यांना तसं सरसकट नाही. घरं, शाळा, स्मशानं असलेल्या कित्येक गावांना त्याने दिलासा मिळाला, हे बरंच झालं. पण ही रोख कुठल्याही सरकारने ठरवून लावलेली नाही, याची नोंद करून ठेवली पाहिजे. न्यायाधीशाला निवडणूक लढवावी लागत नाही.

एप्रिल लागला की महामार्गावरच्या धाब्यांपुढे तमिळनाडूच्या नंबराच्या बोअरगाड्या उभ्या दिसू लागतात. रात्री काम, दिवसा झोप. आष्टीच्या रस्त्याला गेल्या उन्हाळ्यात एका धुऱ्यावर अशीच गाडी घरघरत होती. बागेचा मालक पांढऱ्या भुकटीने माखून बाजूला उभा होता. दोनशे फूट कधीच मागे पडले होते. किती खोल जायचं ठरवलंय, असं विचारलं, तर तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पाणी लागेलोक."