दमेकऱ्याचा श्वास आणि औषधाची भुकटी

थळ घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या कसाऱ्यात पावसाळ्यात पिठाच्या डब्यात गोळे झाले तर गृहिणीला नवल वाटत नाही. ओल ही बारीक भुकटीची जुनी वैरीण आहे. पण तीच भुकटी दम्याचे औषध असेल, तर प्रश्न स्वयंपाकघरापुरता राहत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर चुलीचा धूर आणि झोडणीची धूळ सोसणाऱ्या रुग्णाच्या हाती कॅप्सूल व रोटाहेलर ठेवून 'हे ओढा' एवढेच सांगणे म्हणजे अर्धाच उपचार होय.

औषध फुप्फुसाच्या खोल नलिकांत पोचावयाचे तर त्याचा कण 1 ते 5 मायक्रॉन इतका सूक्ष्म असावा लागतो. अडचण अशी की, कण जितका लहान तितका तो शेजाऱ्याला घट्ट धरून बसतो. व्यास दहापट घटला की वजन हजारपट घटते; परस्परांतील आकर्षण मात्र सुमारे दहापटच कमी होते. म्हणून हे कण लॅक्टोजच्या मोठ्या कणांना चिकटवून कॅप्सूलमध्ये भरतात. ते सुटे कोण करणार? रोटाहेलरात ना पंखा, ना दाबलेला वायू. रुग्ण जोराने श्वास ओढतो, त्या झोताचे भोवरे कणांना खेचतात, भुकटी जाळीवर व भिंतींवर आदळते आणि गोळे फुटतात. श्वास मंद पडला तर न सुटलेले औषध घशावर आपटून पोटात जाते. दमा तसाच राहतो आणि दोष मात्र औषधाला लागतो.

या जातीच्या साधनांपैकी 'स्पिनहेलर' साठच्या दशकात रॉजर अल्टून्यान यांनी घडविले. ते स्वतः दमेकरी आणि दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक. त्यांच्या साधनात श्वासाबरोबर फिरणारा छोटा पंखाच होता! पण तो पंखाही फिरवावयाचा रुग्णाच्याच श्वासाने.

गोंधळ वाढतो तो दुसऱ्या साधनामुळे. वायूच्या दाबाने फवारा सोडणाऱ्या पंपात श्वास सावकाश घ्यावा लागतो; भुकटीच्या साधनात पहिल्या क्षणापासून जोराने. एकाची सवय दुसऱ्याला लावली की औषध वाया गेलेच. त्यातून रुग्णाने साधनातच उच्छ्वास सोडला, तर त्याची वाफ आत शिरून भुकटी ओलसर होते. कॅप्सूल वेष्टनातून आधीच काढून ठेवली तरी तेच. आणि ती गिळावयाची नसते, हेही सांगावेच लागते.

'पंपाची सवय लागते' हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे, तो वेगळाच. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध देणाऱ्याने रुग्णाकडून ही कृती आपल्यासमोर करवून घ्यावी: आधी बाहेर पूर्ण उच्छ्वास, ओठ घट्ट, मग जोरदार दीर्घ श्वास, आणि साधारण 10 सेकंद रोध. नंतर कॅप्सूलमध्ये भुकटी उरली आहे का ते पाहावे. उरली असल्यास पुन्हा ओढावयास लावावे. ही तपासणी केसपेपरवर नोंदविण्यास एक ओळ पुरते, आणि दर भेटीस ती पुन्हा व्हावी, कारण शिकविलेली कृती रुग्ण विसरतो. लहान मुले, अतिवृद्ध आणि तीव्र झटक्यात सापडलेला रुग्ण यांच्या छातीत एवढा जोरच नसतो. त्यांना भुकटीऐवजी स्पेसर जोडलेला पंप किंवा नेब्युलायझर मिळावयास हवा, आणि तो पाड्याच्या जवळ असावयास हवा.