चढण चुकविणारे

रामटेकच्या गडावर मोटारीने जावयास कायद्याची मनाई नाही, रस्ताही डांबरी आहे, आणि ज्याच्या पदरी मोटार आहे त्याने ती कोठे न्यावी हे सांगणारा मी कोण, हे सारे मला कळते. तरीही म्हणावयाचे ते म्हणतोच. धडधाकट माणसाने मोटारीत बसून थेट वर जावे, चार पायऱ्या चढून हात जोडावेत, आणि घरी येऊन ‘आम्ही रामटेक पाहिले’ असे सांगावे, ही शुद्ध थाप आहे. त्याने रामाचे दर्शन घेतले, हे कबूल. रामटेक त्याने पाहिलेले नाही.

कारण रामटेक ही टेकडी आहे. देऊळ तिच्या एका टोकावर आहे. रामाने राक्षसांच्या संहाराची टेक, म्हणजे प्रतिज्ञा, येथे केली म्हणून हे रामटेक, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. ज्यांना हे पटत नाही ते टेक म्हणजे टेकडी असा सरळ अर्थ करतात. कोणताही घ्या. प्रतिज्ञा असो की टेकडी असो, थोडे कष्ट दोन्हींत गृहीत आहेत. आणि टेकडी तरी केवढी? कळसूबाईपुढे ती पाटावरच्या वरवंट्याएवढी ठरेल. नागपूरहून पन्नासएक किलोमीटर तुम्ही मोटारीने, आगगाडीने, कशानेही या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यापुढच्या अर्ध्यापाऊण तासाबद्दल, जो तुम्ही वाचविलात असे तुम्हांस वाटते.

त्या अर्ध्यापाऊण तासात काय असते ते सांगतो. गडाची एक जुनी वाट अंबाळा तलावापासून निघते. तलावाला घाट आहेत, काठाने देवळे आहेत. पहाटे गेलात तर कोणीतरी नुकतेच मुंडण केलेला माणूस वडिलांचे पिंड घेऊन पाण्याशी बसलेला दिसेल, आणि त्याच्यापासून दहा हातांवर कोणाची तरी पोरे पाण्यात खडे मारीत असतील. ह्या दोघांना ओलांडून तुम्ही पायरीवर पाऊल ठेवता. पायऱ्यांचे दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत. थंडीच्या अखेरीस सागाची वाळलेली पाने पायांखाली पापडासारखी मोडतात. वळणावळणाला वानरांची पंगत बसलेली असते, आणि तुमच्या पिशवीत काय आहे हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असते. दम लागतो, थांबावे लागते, आणि थांबल्यावर मागे वळून पाहावेच लागते. अंबाळ्याचे पाणी परातीएवढे झालेले असते. आणखी वर गेले की दूरवर खिंडसीचा मोठा तलाव उजळतो आणि धानाची शेते दिसू लागतात. ज्याला दम लागला नाही त्याला थांबण्याचे कारण नाही, आणि जो थांबला नाही त्याने मागे पाहिले नाही. मोटारीला मागे पाहावयास आरसा असतो. त्यात फक्त मागची मोटार दिसते.

ह्या टेकडीवर वाकाटकांच्या वेळची, म्हणजे पाचव्या शतकातील, देवळे आहेत. केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, वराह, त्रिविक्रम. दोन कोसांवरचे आजचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता तेथे सून म्हणून आली, ऐन तारुण्यात विधवा झाली, आणि लहान मुलांच्या नावाने तिने राज्य चालविले. रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी दिलेला आहे. नरसिंहमंदिराच्या भिंतीवरचा चुन्याचा लेप निघाला तेव्हा त्याखाली एक मोडकातोडका शिलालेख उजेडात आला, त्यातही ह्या घराण्याचा संबंध लागतो. एवढे सारे येथे दगडात बसले आहे. चालत्या माणसाला ते दिसते, कारण सावली शोधीत तो त्या दाराशी टेकतो आणि आत डोकावतो. आत तो भव्य बैठा नरसिंह पाहून दचकतो. मोटारीतील मंडळींना विचारा, ‘नरसिंह पाहिलात?’ ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. त्रिविक्रमाची तर मला कीवच येते. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा देव! त्याच्या टेकडीवर लोक पाऊल न टाकता येतात. त्यातल्या त्यात वराह हुशार. त्याच्या पोटाखालून सरपटत गेल्यास पुण्य लागते असा समज असल्यामुळे मोटारवाल्यांचीही कंबर त्या एका ठिकाणी तरी वाकते.

कालिदासाचे नाव आता कोणीतरी काढीलच. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडले. मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो, आणि सरगुज्याकडचा रामगढ म्हणणारेही आहेत. मी मिराशींच्या बाजूचा आहे, आणि इकडचा असल्यामुळे माझ्या मताला फारशी किंमत देऊ नये. पण गडावर त्या कवीचे स्मारक बांधले, पायथ्याच्या गावात १९९७ साली त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले, तर त्याचे काव्य काय सांगते तेही पाहावे की नाही? तेथे यक्ष मेघाला घाई करीत नाही. उज्जयिनी सरळ वाटेवर नसली तरी वळसा घेऊन जा म्हणतो, डोंगरांवर विसावा घेत जा म्हणतो. विरहाने झुरणारा माणूस निरोप्याला वाकडी वाट करावयास सांगतो. आणि आम्हांला रविवारच्या सुटीत अर्धा तास सापडत नाही.

मोठ्या माणसांचे एक वेळ सोडून देऊ. माझा खरा राग मुलांच्या सहलींवर आहे. मी शाळामास्तर. थंडी सुरू झाली की सहलींच्या बसगाड्या घाट चढू लागतात. दहा-बारा वर्षांची मुले! ज्यांना वर्गात पाच मिनिटे एका जागी बसविता येत नाही, ज्यांच्या पायांत भिंगरी बांधलेली असते, त्यांना दोन तास गाडीत कोंडून आणावयाचे आणि टेकडीच्या पायथ्याशी आल्यावरही खाली उतरू द्यावयाचे नाही! वर रांग, दर्शन, छायाचित्र, डबा, परत गाडी. मग सोमवारी फळ्यावर विषय, ‘आमची सहल’. असे निबंध मी वर्षानुवर्षे तपासतो आहे. प्रत्येकात ‘मग आम्ही वर पोहोचलो’ हे वाक्य असते, आणि त्याच्या आधी काहीच नसते. एका पोराने मात्र एकदा तीन पाने भरली. तो शाळेबरोबर नव्हे, आजीबरोबर गेला होता. पायऱ्या मोजीत होता. दोनदा आकडा चुकला, कारण एकदा वानराने आजीची चण्याची पुडी पळविली आणि दुसऱ्यांदा आजी मध्येच बसून आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेची हकीकत सांगू लागली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी त्याला सर्वांत अधिक गुण दिले.

यावर शिक्षकमित्र म्हणतात, मुले पडली, हरवली, तर जबाबदारी कोणाची? जबाबदारी आपली, त्यासाठीच तर आपण बरोबर जातो. दुसरे म्हणतात, म्हाताऱ्यांचे, अपंगांचे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि त्यासाठी रस्ता असलाच पाहिजे. ज्याच्या गुडघ्यांनी जबाब दिला त्याला, आजाऱ्याला, कडेवर तान्हे असलेल्या बाईला गाडी थेट वर न्यावी, आणि तीही सन्मानाने. पण ह्या मंडळींच्या आडोशाने गाडीत जे बसलेले असतात त्यांचे गुडघे मला चांगले दिसतात. जत्रेच्या दिवशी पहा, काठी टेकीत पायऱ्या चढणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या दिसतात, आणि त्यांच्या नातवाची मोटार घाटात अडकून कर्णा वाजवीत असते.

तिसरे म्हणतात, हे प्रगतीला विरोध करणे झाले. रायगडावर १९९६ साली रज्जुमार्ग झाला, सप्तशृंगीला २०१८ साली रुळांवरची गाडी आली, मग रामटेकानेच काय घोडे मारले? रायगडचीच गोष्ट घ्या. पाळण्यातून चारपाच मिनिटांत वर जाणारा माणूस महादरवाजातून आत शिरत नाही. शिवछत्रपतींच्या राजधानीत तो शिरतो, पण दरवाजा टाळून! विलायतेतील स्कॉटलंडात डोंगराळ माळराने पायी तुडविण्याचे लोकांना मोठे वेड; तेथे जबाबदारीने वागून परक्याच्या माळावरूनही चालण्याचा हक्क २००३ च्या कायद्याने दिला आहे. त्याच देशात केर्नगॉर्म नावाच्या डोंगरावर २००१ साली रुळांची गाडी चालू झाली. माथ्यावरची नाजूक झाडी तुडविली जाईल म्हणून त्या गाडीने वर गेलेल्यांना उन्हाळ्यात स्थानकाबाहेर डोंगरावर पाऊल टाकण्याची बंदी घालावी लागली. काचेतून पाहा, काही खा, खाली या. पायी आलेला माणूस मात्र बाहेर खुशाल हिंडत असे. २०१८ साली बांधकामातील दोषामुळे ती गाडी बंद पडली, ती कित्येक वर्षे. डोंगर चालणाऱ्यांसाठी उघडाच राहिला.

मला फार थोडे हवे आहे. वृद्ध, आजारी व अपंग यांच्यासाठी लहान गाड्यांची ये-जा ठेवा, आणि बाकीच्या मोटारी खालीच थांबवा. माथेरानमध्ये इतकी वर्षे खाजगी मोटारींना मज्जाव आहे, म्हणून तेथे कोणी जावयाचे थांबलेले नाही. पायऱ्यांची डागडुजी करा, वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय करा, नरसिंहाच्या दाराशी लहान मुलालाही कळेल असे चार ओळींचे मराठी लिहा. आणि शाळांनी आपल्या गाड्या अंबाळ्याशी उभ्या कराव्यात, ह्याला तर एका पैचाही खर्च नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्रिपुरी पौर्णिमा जवळ आलेली असेल. त्या रात्री गडावर टिपूर पेटते, जत्रा भरते. नागपूरकडची मंडळी निघालीच, तर सायंकाळी चारच्या सुमारास अंबाळ्याला पोहोचावे. पाण्याची बाटली व काठी बरोबर असावी, खाण्याची पुडी पिशवीच्या तळाशी ठेवावी, आणि पोरांना पुढे सोडावे.