मनीऑर्डर उलटी फिरली तेव्हा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपाविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ लिहिले गेले. डॉ. दत्ता सामंतांच्या डावपेचांची चिकित्सा झाली, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच प्रातिनिधिक संघटनेला दिलेल्या मक्तेदारीवर टीका झाली, पुढे गिरण्यांच्या जमिनींवरून लढेही झाले. परंतु संप इतका काळ टिकला तो कोणाच्या जिवावर, हे आपण फारसे विचारले नाही. माझ्या घरापुरते उत्तर मला ठाऊक आहे. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत राबणाऱ्या दोघीजणींच्या जिवावर. एक माझी आई, दुसरी माझी धाकटी बहीण.

वडील कुर्ल्याच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. चाळीतली एक खोली, सकाळी दोन तास नळाचे पाणी. त्याच खोलीत आई गावाकडच्या सहा बदली कामगारांना जेवू घालीत असे. ही खाणावळ वडिलांच्या पगाराला मोठाच टेकू होती. तरी तिला घरात कोणी कमाई म्हणत नसे. दरमहा आजीच्या नावे मनीऑर्डर जाई. कोकणातील कितीतरी घरांची चूल अशाच मनीऑर्डरीवर पेटत असे.

एप्रिलपर्यंत जेवणारे गडी गावोगावी पांगले आणि वाण्याने उधारी बंद केली. मे महिन्यात आईवडील व बहीण एसटीने गावी गेले. मी बी.ए.च्या वर्गात होतो. आत्याकडे राहून मी शिक्षण पुरे करावे असे ठरले. बहीण नववीत होती. तिच्याविषयी काही ठरवावेच लागले नाही.

शहर सोडून खेड्यात राहावयास गेलेल्यांच्या आठवणी मी आवडीने वाचतो. त्यांत आंबे असतात, नदी असते, मोकळी हवा असते. (ती हवा आमच्या वाडीतही होती.) पण विहीर दोनशे पावले खाली होती आणि मे अखेर ती तळ गाठी. कूळकायद्याने जमीन आमची झाली होती खरी; परंतु सातबाऱ्यावर चार भावांची नावे होती, आणि वाट्याला तीन खाचरे व नागलीपुरती वरकस जमीन आली. चुलत्यांना आमचे येणे आनंदाचे वाटले नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. जेथून पैसे यावयाचे तेथून खाणारी तीन तोंडे आली होती. काकी दर आठ दिवसांनी आईला विचारी, "वहिनी, गिरणी कधी सुरू होईल हो?"

लावणीच्या चिखलात वडिलांना धड उभे राहता येईना. पंचवीस वर्षे साच्यांच्या खडखडाटात काढलेला माणूस तो; बांधावर बसून राही. आई आणि बहीण मात्र दुसऱ्यांच्या लावणीला जाऊ लागल्या. पावसाळा सरल्यावर गवतकापणी. त्या दिवाळीत एसटीच्या टपावरून माझ्यासाठी तांदळाची गोण आली, आणि पाठोपाठ ४० रुपयांची मनीऑर्डर. संदेशाच्या जागी बहिणीच्या अक्षरात एवढेच होते: 'दादा, फी भर. इकडे ठीक.'

पुढे एम.ए.ला आर्थर लुईस यांचे १९५४ चे प्रसिद्ध प्रतिमान शिकलो आणि तीस वर्षे ते शिकवलेही. निर्वाह शेतीतील अतिरिक्त श्रम भांडवली उद्योगाकडे वाहतात, हे फळ्यावर बाण काढून सांगत असे. बाण एकाच दिशेचा. उलट दिशेच्या बाणावर मी स्वतः शिकलो होतो, हे वर्गात कधी सांगितले नाही. वस्तुतः मुंबईचे गिरणीभांडवल त्या उलट्या बाणावरही उभे होते. कामगाराचे आजारपण, म्हातारपण, बेकारी यांचा खर्च गाव सोशी, म्हणून वेतनात तो धरावा लागत नसे. संपकाळात याची दुसरी बाजू दिसली. गावाने संपकऱ्याला तग धरू दिला; तशीच मालकाला वाट पाहण्याची सवडही दिली. ही सारी माणसे उपाशीपोटी मुंबईतच राहिली असती, तर सरकारला इतके स्वस्थ बसता आले नसते असे माझे मत आहे. कार्यकर्त्यांना हे कटू वाटेल. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तेच पुन्हा घडले. महामार्गांवरून चालणारी माणसे आपण पाहिली, त्यांच्यासाठी आवाजही उठवला. पण गावी पोहोचल्यावर त्यांच्या पानात कोणाच्या वाट्याची भाकरी पडली, हे मोजण्यास कोणी गेले नाही.

वडिलांना गिरणीने परत घेतले नाही. १९९६ साली ते गावीच वारले. आई त्यानंतर नऊ वर्षांनी. बहीण शाळेत परत गेली नाही. शेजारच्या गावात दिली, आजही काजूच्या हंगामात रोजावर जाते.

गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती २०१२ पासून निघू लागल्या. आमच्या अर्जात वारस म्हणून माझे एकट्याचे नाव आहे. बहिणीची ना-हरकत मीच लिहून नेली होती. तिने न वाचता सही केली. अशा किती सह्या कोकणात आणि घाटावर घेतल्या गेल्या असतील? आपल्या संघटनांनी हजारो अर्ज भरून दिले, ते काम मोलाचेच. परंतु प्रत्येक अर्जामागे, संपाच्या दिवसांत या घरात कोण राबले, एवढा एक प्रश्न विचारून लेकींची नावे घालण्याचा आग्रह धरावयास हवा होता, आणि तो अजूनही धरता येईल. आमच्या अर्जाला अद्याप घर लागलेले नाही. ती ना-हरकत मागे घेऊन दोघांची नावे लावता येतात का, याची मी चौकशी करीत आहे.