आजोळची गेलेली बाळं



माझ्या चुलत नणंदेचं पहिलं बाळ पाच महिन्यांचं होऊन गेलं. सारखा न्यूमोनिया, तोंडातली पांढरी बुरशी जाईना, वजन वाढेना. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं आईचं पूर्वकर्म. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "माहेरी, आजोळी कुणाचं तान्हं मूल गेलंय का?" ती नाही म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. ओटीभरणाच्या दिवशी तिची आजी रडत बोलली, तेव्हा कळलं की तिचे दोन मामा वर्षाच्या आतच गेले होते. मुलींची लग्नं व्हायची म्हणून घरात कधी विषय निघाला नव्हता.

या आजाराला डॉक्टर 'स्किड' म्हणतात. बाळ जन्मतःच प्रतिकारशक्तीविना येतं. त्याच्या एका प्रकारात दोष आईकडून येतो. ती स्वतः ठणठणीत असते, पण प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. काही प्रकारांत दोष आईवडील दोघांकडूनही येतो, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात, हेही बोलायला हवं.

जन्मल्यावर देतात ती बीसीजी लस जिवंत जंतूंची असते. अशा बाळाच्या अंगात तेच जंतू पसरू शकतात. म्हणून नणंदेच्या बाळाची लस थांबवून आधी रक्त तपासलं. आजार निघालाच, पण संसर्ग व्हायच्या आत. वडिलांच्या पेशी देऊन प्रत्यारोपण झालं. आता तो बालवाडीत जातो, आणि डबा तसाच परत आणतो!

मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची संस्था या आजारांच्या तपासण्या करते. 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात स्किड आहे. ठरवून दिलेल्या केंद्रांत उपचारांसाठी 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण तिथवर पोचायला आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं.

कर्मसिद्धांत मी मानते. पण ज्याचं कर्म त्यालाच भोगावं लागतं, असं आपलंच शास्त्र सांगतं ना? मग बाळाच्या आजाराचा बोल आईला कसा लावता?

आमच्या वंशावळीच्या वहीत मी आता वारलेली तान्ही मुलंही लिहिली आहेत. सासूबाईंना चार आठवली. एकाचं तर बारसंही झालं नव्हतं.